चार पायांचा मासा

माझ्या हृदयात स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी मला मटण सोडायला सांगितलं, आणि ते माझ्या आईनं सोडलं.

मी इकडे कॅनडात, व्हिटबीत, ती तिकडे कुडाळला. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी फोन केला, तेव्हा तिनं तब्येतीची चौकशी करण्याआधी निकालच सांगितला. "मी गणपतीक सांगलंय. माझ्या झिलाचां काळीज नीट चलांदे, आजपासून चार पायाचां काय ता बंद."

"अगं पण मटण मला बंद केलंय!"

"तुका जमाचा नाय. माका म्हायत आसा."

आईचं आणि मटणाचं काय नातं होतं ते सांगितल्याशिवाय ह्या त्यागाची उंची कळायची नाही. रविवारी आमच्या घरी मटण शिजायचं, तेव्हा नळी तिची हे ठरलेलं असे. ती नळी ताटाच्या कडेला ठेवून द्यायची, सगळं जेवण संपवायची, आणि मग ती उचलून असा काही आवाज काढत चोखायची की शेजारच्या अंगणातला कुत्रा उठून उभा राहायचा. वडील म्हणायचे, "आता झाला जेवण." त्या बाईनं माझ्यासाठी नळी सोडली.

अर्थात देवाशी बोलताना तिनं शब्द नीट मोजून वापरले होते. कोंबडीला दोन पाय, म्हणून कोंबडी चालू. मासे बिनपायाचे, त्यांचा प्रश्नच नाही. मी एकदा खोडी काढायला खेकड्यांचं विचारलं, "आणि कुर्ल्या गं?"

"कुर्लेक धा पाय. मी चार म्हटलंय."

आणि मी? मी सहा महिने अगदी शहाण्यासारखा वागलो. सातव्या महिन्यात ऑफिसमधून येताना एका ड्राइव्ह-थ्रूसमोर माझी गाडी आपोआप वळली. मी मनाशी म्हटलं, पथ्य तर चालूच आहे, आई पाळतेय. बर्गरचा कागद मी सीटखाली सरकवला. त्याच्या सोबतीला पुढे बरेच कागद आले.

दोन वर्षांनी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. ऑक्टोबरात उतरली, आणि आठवडाभरात तिला इथली एकच गोष्ट असह्य झाली. थंडी नव्हे. मासे. ग्रोसरीतला मासा बघून तिनं मला बाजूला घेतलं, जणू दुकानदाराला ऐकू जाईल. "हेचां डोक्यां खंय गेला रे? डोक्यां नाय तर मी डोळे खंयचे बघू? ताजो काय शिळो, कसा कळाचा?"

ह्या पेचातून तिला आमच्या शेजाऱ्यांनी सोडवलं. दोन घरं सोडून राहणारे हे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. जन्म डेट्रॉइट नदीच्या काठच्या दलदलीतला. घराण्यात एके काळी सगळे फ्रेंच बोलत, आता आजोबांपाशी तेवढी शिव्यांपुरती उरली होती. बारा महिने लेकवर मासे, आणि हिवाळ्यापासून बर्फ वितळेपर्यंत सापळे लावून शिकार, असा त्यांचा वर्षाचा क्रम.

नोव्हेंबरात एकदा ते बादली घेऊन गाडीतून उतरले आणि आई ड्राइव्हवेत उभी होती. मी खिडकीतून पाहिलं. माझी आई, साडीवर माझं जुनं जॅकेट, पायात सपाता, ताडताड चालत गेली, बादलीत हात घातला, एक पर्च मासा उचलला, त्याचा कल्ला अंगठ्यानं उघडला, आतला लाल रंग बघितला, नाकाशी नेला आणि आजोबांकडे बघून म्हणाली, "गुड."

आजोबा मला नंतर म्हणाले, "ह्या रस्त्यावर मी चाळीस वर्षं राहतोय. माझ्या माशाचे कल्ले उघडून बघणारा शेजारी मला आज मिळाला."

त्या दिवसापासून दर आठवड्याला डोक्यासकट मासे येऊ लागले, आणि रव्यात तळून, सोबत सोलकढीची बाटली घेऊन, परत जाऊ लागले. सोलकढीचा पहिला घोट घेताना आजोबा डोळे मिटायचे. मी तिला आई म्हणतो म्हणून तेही तिला आई म्हणत. ती त्यांना "म्हातारो" म्हणे, स्वतः चौऱ्याहत्तरची असून.

ह्या मैत्रीत दुभाषा मी. आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. दुभाष्याचं काम माझ्यासारख्या माणसाला देऊ नये. दोन माणसं, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही, आणि मधे मी! नाटकातली दोन्ही पात्रं आणि लेखकही मीच.

आजोबा म्हणत, "मासा छान झाला होता म्हणून सांग." मी आईला सांगे, "ते म्हणतायत, बायको गेल्यापासून असं जेवलो नव्हतो." आईच्या डोळ्यांत पाणी, आणि पुढच्या डब्यात दोन तुकड्या जास्त. आई म्हणे, "तेका सांग, काटे बघान खा." मी इंग्रजीत सांगे, "आई म्हणते, ह्या लेकवर तुमच्यासारखा कोळी झाला नाही." पुढच्या आठवड्यात आजोबा दाढी करून आले. आफ्टरशेव्हचा वास आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत होता.

माझी बायको म्हणायची, "एक दिवस तू तोंडावर पडणार आहेस." ती पुण्याची आहे आणि तिची भाकितं खरी ठरतात.

मार्चमध्ये आजोबा एकदा नुसतेच आले, बादलीशिवाय. खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"यंदाचा माझा शेवटचा सीझन," ते मला म्हणाले. "गुडघे ऐकत नाहीत. पुढच्या वर्षी लायसन्स काढणार नाही. शुक्रवारी मी मस्करॅट आणणार आहे. माझी बायको कांदा घालून करायची. ती गेल्यापासून मीच करतो आणि दर वर्षी कांदा जाळतो. आईंना विचार, एकदा करतील का?"

मस्करॅट म्हणजे दलदलीत राहणारा पाणउंदीर म्हणा. लहान सशाएवढा, लव्हाळ्यांचं घर बांधून राहणारा. अमेरिकेत खाली दक्षिणेला त्याचा थोरला चुलतभाऊ असतो, न्यूट्रिया, चांगला कुत्र्याच्या पिलाएवढा, तोही तिकडचे लोक आवडीनं मारून खातात, अशी माहिती आजोबांनी पुरवली. "पण तो धिप्पाड. चव ह्या धाकट्याला."

"शुक्रवारी?" मी विचारलं. "आता तर तुमचे ईस्टरआधीचे उपास चालू आहेत ना? शुक्रवारी मांस चालतं?"

आजोबांचे डोळे चमकले. "मांस नाही. मासा! आमच्याकडे मस्करॅट हा मासा धरतात. माझे पणजोबा सांगायचे, एका वाईट हिवाळ्यानंतर गावात खायला काही नव्हतं, तेव्हा पाद्र्यानंच सांगितलं. पाण्यात राहतो ना? मग मासा."

आई समोर बसून दोघांच्या तोंडांकडे बघत होती. "काय म्हणता म्हातारो?"

आता इथे मी खरं सांगू शकलो असतो. पण आजोबांची टोपी गुडघ्यावर, आईचा चेहरा उत्सुक, आणि माझ्या जिभेवर तो गोड मोह. मी म्हटलं, "यंदा त्यांचा शेवटचा सीझन आहे, पुढच्या वर्षी ते जाणार नाहीत. शुक्रवारी ते त्यांच्या गावचा खास मासा आणतायत. बायको करायची. तू करशील का विचारतायत."

"कसलो मासो?"

"दलदलीतला."

"खाजणातलो? मगे गोडो आसतलो." आणि आजोबांकडे वळून, छातीवर हात ठेवून, "येस. मी. फ्रायडे."

आजोबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. झालं, शब्द दिला गेला.

रात्रीची भांडी लावताना बायकोनं मला गाठलं.

"तू आईंना उंदीर खायला घालणार आहेस?"

"मस्करॅट."

"शेपूट आहे?"

"आहे."

"मग उंदीर. नवस कोणाला बोलल्या आहेत त्या?"

"गणपतीला."

"अरे, त्याच्या पायाशी कोण बसलेला असतो?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पायांचाच विचार करत होतो. "मी आयत्या वेळी सांगणार आहे गं," मी म्हटलं. "तिचा चेहरा बघायचाय मला."

"आयत्या वेळी म्हणजे कधी? बडीशेप देताना? आणि एक ऐक, ते माझ्या कुकरमध्ये शिजणार नाही. आणि माझ्या किचनमध्येही नाही."

ह्यावर आमच्या घरात तोडगा तयार असतो. गराज. इथल्या निम्म्या देशी घरांत गराजमध्ये एक जादा शेगडी असते, मासे तळायला. बंद घरात तो वास हिवाळाभर पडद्यांतून निघत नाही.

गुरुवारी मी सुट्टी काढून आजोबांबरोबर शिकारीला गेलो. लायसन्स त्यांचं, त्यामुळे सापळ्याला हात लावायचा नाही. माझं काम होडी धरून ठेवणं. एका शेतकऱ्याच्या जमिनीमागे लेकला लागून पसरलेली दलदल होती. बर्फाचे पातळ पापुद्रे होडीच्या नाकानं कडकड मोडत होते. सुकलेली लव्हाळी पुरुषभर उंच. त्यांच्यामधे छोट्या गवताच्या गंजीसारखी दिसणारी मस्करॅटची घरं.

आजोबा छातीपर्यंत रबरी पँट चढवून पाण्यात उतरले. घरात दहा पावलं चालताना कण्हणारा माणूस, पण पाण्यात गुडघा कुठे दुखतोय असं वाटेना. लाल चिंधी बांधलेली काठी दिसली की तिच्या मुळाशी हात घालायचे, पाण्याखालच्या बिळाच्या तोंडातून सापळा वर काढायचे. पहिले दोन रिकामे. तिसऱ्यात तो होता. तपकिरी, दाट लोकर. आजोबांनी फुंकर मारून दाखवलं, आतली कातडी कोरडी होती. पुढचे दात नारिंगी. आणि शेपूट. लांब, केसविरहित, काळी शेपूट. ती बघितली आणि लहानपणापासून चौथीला मखरात दिसणारा, पुढच्या दोन पायांत मोदक धरलेला, तो चेहरा माझ्यापुढे उभा राहिला.

आजोबांनी टोपीला दोन बोटं लावली. "सापळा चांगला लावला असेल तर त्याला कळतही नाही," ते म्हणाले. "कळलं तर तो माझा दोष."

असे तीन मिळाले. दरम्यान होडी धरून ठेवायचं माझं काम मी इतकं छान केलं की ती मला घेऊन लव्हाळ्यांत शिरली आणि आजोबांना पोहत यावं की काय असा प्रसंग आला. "ऑफिसमध्ये हे लोक तुला नक्की कशाचा पगार देतात?" त्यांनी पाण्यातून विचारलं.

घरी येऊन त्यांनी आपल्या शेडमध्ये कातडी काढली, लहान मुलाचं ओलं स्वेटर काढावं तशी, एका ओढीत. पोटाखालच्या कस्तुरीच्या गाठी अगदी जपून कापल्या. "ह्या राहिल्या तर तुझी बायको तुला घटस्फोट देईल." चरबी खरवडली, मांस मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवलं. शेपूट, डोकी गेली. पाय राहिले. मी मोजले. तीन गुणिले चार.

संध्याकाळी मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पण आई खोबरं भाजत बसली होती, कांदा खरपूस करत होती, आणि सुनेला सांगत होती, "म्हाताऱ्याचो शेवटचो मासो. बायकोसारखो नाय जमाचो, पण बरो होवक व्हयो." मी पाणी पिऊन वर गेलो.

शुक्रवारी दुपारी आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. एका हातात पाव, दुसऱ्या हातात त्यांच्या बायकोचं निळं एनॅमलचं पातेलं, वर वर्तमानपत्र बांधलेलं. गराजचं दार अर्धं उघडं, बाहेर बर्फावर ऊन. आई गावाहून आणलेला आडाळो, म्हणजे आमची विळी, जमिनीवर मांडून पाटावर बसली होती. बायको मदतीला नाही, पण तमाशा बघायला म्हणून दारात.

आईनं कागद सोडला.

मला जो चेहरा बघायचा होता, तो आला नाही. तिनं नुसतं एका बोटानं आतला तुकडा उलटा केला. मग दुसरा.

"ह्या माशाक मांडयो आसत," ती म्हणाली.

मी हसायचा प्रयत्न केला.

"पाय किती रे हेका?"

"चार."

"नाव काय?"

"मस्करॅट. म्हणजे... पाण्यातला उंदीर. आई, मी सांगणारच होतो. गंमत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हात पदराला पुसले. "माका फसवलंस तेचां काय नाय. तू लहानपणापासून नाटकी. पण मी ह्यां कोणासाठी सोडलंय? तुझ्यासाठी. आणि तूच तुझ्या हातान माका तां मोडूक लावतलस?" तिनं पातेलं बाजूला सरकवलं. "तुझ्या गाडयेत शिटीखाली कागद गावले माका. नोव्हेंबरात. बर्गराचे. सात होते."

बायको एकदम वळून कोपऱ्यातल्या विंटर टायर्सची पाहणी करू लागली.

चार महिने ही बाई माझ्याच गाडीत बसून देवळात, ग्रोसरीत येत होती, पायाखाली ते कागद, आणि घरी येऊन चार पायांचं सोडलेलं पाळत होती.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. "आवडला नाही त्यांना?"

आणि मग त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मी जसंच्या तसं भाषांतर केलं. नवस, स्टेंट, चार पाय, गणपती, उंदीर, मी त्याचा केलेला मासा, सीटखालचे कागद. एकही शब्द जास्त नाही. बोलताना मला माझाच आवाज ओळखीचा वाटेना.

आजोबांनी टोपी काढली. "मी कोणाच्या उपासात माती कालवणारा नाही," ते म्हणाले. "माझी बायको असती तर तिनं आपल्या दोघांना बर्फात उभं केलं असतं. तुला जास्त वेळ." आणि खाली वाकून ते पातेल्यावर वर्तमानपत्र परत बांधू लागले. बोटं जाड, दोरी बारीक. गाठ बसेना.

आई त्या गाठीकडे बघत होती.

"थांब म्हणावां तेका," ती म्हणाली. "तेका विचार, तू मासो कित्याक म्हटलंस?"

मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलेलं पुन्हा जसंच्या तसं सांगितलं: पणजोबा, वाईट हिवाळा, पाद्री.

"पाद्र्यान सोता सांगल्यान?"

"हो म्हणतायत."

"खाता काय तो?"

"लव्हाळ्याची मुळं. कोंब."

"म्हणजे शाकाहारी. सुनेसारखो."

"आई!" बायको टायरांमधून म्हणाली.

आईनं पातेल्यावरचा कागद परत बाजूला केला. मग उठली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "नारळ हाड." मी घरातून नारळ आणला.

आमच्या कोकणात गाऱ्हाणं घालतात. काही मोठं करायचं असलं की घरातलं वडीलधारं माणूस उभं राहून सगळा मामला मोठ्यानं देवापुढे मांडतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वडील गेल्यापासून आमच्याकडे आई घालते. मी बोलायला शिकलो त्यात हे दोन शब्द फार आधीचे असावेत. वाक्य संपलं की ते तोंडातून येतात, जांभई येते तसे.

आईनं डीप फ्रीजरच्या झाकणावर नारळ ठेवला, घरातल्या देवाच्या दिशेला तोंड केलं, डोळे मिटले.

"बा गणपती म्हाराजा! आज ह्या परमुलखात, बर्फाच्या दारात, तुझी लेकरां हुबी आसत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" मी आणि बायको. वीस वर्षांच्या संसारात पुण्याच्या माणसालाही सवय लागते.

"ह्यो शेजारचो म्हातारो, एकटो जीव, आपल्या शेवटच्या शिकारीचो घास घेवन आमच्या दारात इलो आसा. तेका रिकाम्या हातान धाडूचो नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां जनावर तुझ्या उंदराचो लांबचो पावणो आसात, तर आमची चूकभूल पोटात घाल. हेंच्या पाद्र्यान तेका मासो म्हटलेलो आसा, तो तूय मासो मानून घे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आता तिसरा आवाज मिसळला. आजोबा टोपी छातीशी धरून, कोणालाही न विचारता, "वॉय माराजा!" म्हणत होते. अगदी चर्चमधल्यासारखे.

आईचा आवाज चढला. "आणि मी जां चार पायाचां सोडलंय, तां ज्येच्या काळजासाठी सोडलंय, तो ह्यो माझो झील आता पन्नाशीक इलो, शाणो झालो. आजपासून तां पथ्य तेच्या अंगाक लागांदे, आणि हे म्हातारेक मोकळी कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. गराजमध्ये घुमलं. तोंड मिटलं आणि मग डोक्याला कळलं की मी काय म्हणालोय.

आईनं डोळे उघडले. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ज्या चेहऱ्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, तो फसलेला चेहरा आत्ता आला. फक्त तो माझ्या तोंडावर होता, आणि बघत होती ती.

"देवासमोर म्हटलंस," ती म्हणाली. "तीन साक्षीदार आसत." आणि नारळ गराजच्या काँक्रीटवर खाडकन फोडला.

पुढचा दीड तास मी कांदे चिरले. वाटण, मालवणी मसाला, त्या निळ्या पातेल्यात मंद आचेवर. आजोबा शेगडीजवळ खुर्ची ओढून बसले आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून आत बघत, आणि दर पाच मिनिटांनी आई त्यांच्या हातावर चमचा मारी. बायकोनं फोल्डिंग टेबल मांडलं, त्यावर जुनी चादर घातली. ती स्वतः बर्फ शोव्हल करायला बाहेर गेली, पण वासासाठी दार मात्र उघडं ठेवून गेली, हे मी पाहिलं.

ताटं वाढली. आजोबांना दोन तुकडे, पाव, रस्सा. आईला स्वतःला दोन. मला वरण-भात आणि काल उरलेली श्रावणघेवड्याची भाजी.

"आई, नुसता रस्सा दे ना थोडा. रश्श्याला कुठे पाय असतात?"

"तेच्यात बारा पाय धुतलेले आसत. गप जेव."

आजोबांनी पहिला घास घेतला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, कपाळ पुसलं. आम्ही वाट बघत होतो. त्यांनी दुसरा घास घेतला आणि मग काटा खाली ठेवला.

"अजिबात तिच्यासारखं नाही," ते हळूच म्हणाले.

माझ्या जिभेवर त्याच्याहून बरं वाक्य तयार होतं. मी ते गिळलं आणि आईला खरं तेच सांगितलं.

"बरां झालां," आई म्हणाली. "तिच्यासारखां माझ्या हातान कित्याक होवचां?" आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. त्यांनी तो पावानं पुसून पुसून खाल्ला. मग चौथा स्वतःच मागितला.

आणि आई. पहिला तुकडा तिनं चाखत, विचार करत खाल्ला. "कोंबडेपेक्षा दाट," तिनं जाहीर केलं. "सश्यासारखां. मागसून खाजणाचो वास येता, जरासो. बरो आसा मासो." मग तिनं त्या बारीकशा मांडीचं हाड ताटाच्या कडेला ठेवून दिलं. बाकीचं सगळं संपवलं. आणि ते उचललं.

तो आवाज मी अडीच वर्षांत ऐकला नव्हता. इतक्याशा हाडातून तिनं तो कसा काढला देव जाणे. रस्त्यापलीकडच्या घरातला कुत्रा भुंकला. मी माझ्या वरण-भातावर वाकलो, कारण मला काही केल्या मान वर करवेना.

एप्रिलमध्ये आई परत गेली. निळं पातेलं आजोबांनी तिच्या बॅगेत स्वतः भरलं, आत सोलकढीची रिकामी बाटली ठेवून. आता कुडाळला रविवारी त्यात मटण शिजतं, आणि ती मला फोन करून त्याचं सविस्तर वर्णन ऐकवते. "काळीज कसा आसा?" हा प्रश्न मात्र सगळ्यांत शेवटी, आणि माझं उत्तर येईपर्यंत पलीकडे अगदी शांतता असते.

माझं काय? परवा, मे महिन्यातल्या पहिल्या गरम शनिवारी, मी मागच्या अंगणात बार्बेक्यू लावला होता. ऑफिसचे मित्र आलेले. ग्रिलवर लँब चॉप्स, त्यांच्यासाठी. एक अगदी कडेचा, छोटा, जवळपास जळून गेलेला तुकडा होता. तो कोणीच घेणार नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं, चिमट्यानं तो उचलला आणि फुंकर मारली.

कुंपणापलीकडे टोपी दिसली. आजोबा चालायला निघाले होते. ते थांबले. रागावले नाहीत, नुसती टोपी काढून छातीशी धरली आणि मोठ्यानं, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वॉय माराजा!"

"व्हय म्हाराजा," माझ्या तोंडातून निघून गेलं. आणि मी चिमटा खाली ठेवला.